कारणे खोडलेला अर्ज

अर्जदार: प्रस्तुत लेखक, नामे वामन भागुजी रोकडे, राहणार विश्रांतवाडी, पुणे. धंदा अर्जलेखन. बसण्याची जागा कचेरीच्या फाटकाबाहेरील तिसरे टेबल. शिक्षण जुनी अकरावी, गणित सोडून उत्तीर्ण.

घटनेचा काळ: नवे शतक नुकतेच लागले होते त्या एका वर्षीचा फाल्गुन आणि चैत्राचा काही भाग. ख्रिस्ती मंडळी त्याच दिवसांना उपवासकाळ म्हणतात.

घटनेचे ठिकाण: एका मिशन दवाखान्यातील व्यायामाची खोली. नंतर एक चर्च.

साक्षीदार: पहिल्या, मार्थाबाई, सदर खोलीतील जुन्या मदतनीस. दुसरे, त्यांचे यजमान शलमोन, निवृत्त पोस्टमन, ज्यांना साक्ष देता येत नाही. तिसऱ्या, अर्जदाराची पत्नी सुशीला. चौथे, पाठक, शेजारच्या टेबलावरील अर्जलेखक, ज्यांची साक्ष अर्जदाराच्या विरुद्ध जाण्याचा संभव आहे, तरीही ती घ्यावी.

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या रस्त्यावरच्या कडुनिंबाला मोहोर येतो. त्याचा वास जाईजुईसारखा अंगावर येत नाही. तो अदबीने बाजूला उभा राहतो, आणि माणूस घाईत नसेल तरच त्याच्याशी बोलतो. यंदाही तो आला. आळंदी रस्त्यावरून काळ्या काचांच्या थंडगार बसगाड्या संगणकवाल्या तरुणांना घेऊन गेल्या. आत बसलेल्यांना या वासाची वार्ता असण्याचे कारण नाही. मी मात्र थांब्यावर उभा होतो. वास नाकात शिरला आणि माझ्या उजव्या हाताची बोटे आपण होऊन मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बोटांना स्मरण असते, हे मी त्या वर्षी शिकलो.

तोवर माझा हात ही मी गृहीत धरलेली बाब होती. या हाताने मी वारसनोंदी मिळवून दिल्या, बंद पडलेली पेन्शने चालू करवली, आणि एका सासूचा व सुनेचा परस्परांविरुद्धचा अर्ज एकाच दुपारी लिहिला. दोन्ही अर्ज मंजूर झाले. अक्षर असे की साहेब लोक मजकूर न वाचताही क्षणभर कागद धरून ठेवीत. हे मी बढाई म्हणून नव्हे, पार्श्वभूमी म्हणून नमूद करतो. आणि मग एका सकाळी सदऱ्याचे बटण काजात जाईना. सुशीला म्हणाली, "काय करताय हो इतका वेळ?" मी म्हणालो, "काज लहान झालंय." तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हातातली परात खाली ठेवली.

झटका सौम्य होता, असे डॉक्टर म्हणाले. सौम्य हा शब्द ज्याला झटका आलेला नाही त्याने शोधला असावा. उजवा हात मनगटापासून खाली असा लोंबत राहिला, जणू तो कोणी माझ्याकडे सांभाळायला देऊन गेला आहे. लिहिता न येणारा अर्जलेखक म्हणजे काय, याचा विचार मी करीत नव्हतो. तो विचारच मला करीत बसला होता. पाठक भेटायला आले. त्यांनी नुकताच टेबलावर संगणक बसवला होता. खुर्चीत बसत ते म्हणाले, "रोकडे, घाबरू नका. हात गेला तरी जीभ शाबूत आहे. आपल्या धंद्यात मुख्य काम तिचंच." सुशीलेने त्यांना चहा दिला, पण साखर विचारली नाही.

मिशन दवाखान्यातली ती खोली लांबट होती. भिंतीला एक मोठे लाकडी चाक, खांदे फिरवण्यासाठी. छताला कप्प्या, वाळूच्या पिशव्या, कोपऱ्यात समांतर दांड्या. खिडकीबाहेर कडुनिंब. मार्थाबाई ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या. खिडकीपाशी खुर्चीवर त्यांचे यजमान शलमोन बसलेले असत. त्यांना माझ्या वर्षभर आधी झटका आला होता. हातपाय परतले होते, वाचा परतली नव्हती. घरी एकटे ठेवता येत नाही म्हणून मार्थाबाई त्यांना रोज सोबत आणीत. याच माणसाने पस्तीस वर्षे गल्लोगल्ली "टपाल!" अशी हाळी दिली होती, आणि दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत तो गात असे. आता तो मान हलवी आणि हसे. हसण्याला आवाज नसे.

पहिल्याच दिवशी मार्थाबाई माझ्यासमोर बसल्या व म्हणाल्या, "हात पुढे करा."

मी म्हणालो, "बाई, हात पुढे होत नाही म्हणूनच मी इथे आलो आहे. कागदपत्रांत तसा स्पष्ट उल्लेख आहे."

"कागद वाचलेत मी. हात पुढे करा."

"जे होत नाही ते करा म्हणणं हे कोणत्या पद्धतीत बसतं?"

"आमच्या प्रभूच्या," त्या म्हणाल्या, आणि मला ती गोष्ट सांगितली. यहुद्यांच्या सभास्थानात एक माणूस बसला होता, त्याचा हात वाळलेला. येशूने त्याला उभे केले आणि नेमके तेच सांगितले जे त्याला जमत नव्हते: हात लांब कर. "आता बघा साहेब," मार्थाबाई म्हणाल्या, "तो म्हणू शकला असता, आधी बरा करा, मग लांब करतो. बरोबरच होतं त्याचं. आणि बरोबर राहून गेला असता घरी, वाळला हात घेऊन."

मी बौद्ध घरातला आहे. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या दारातून नवस, अंगारा, ताईत यांना बंदी. चमत्कार हा शब्द घरात शिवीसारखा वापरला जाई. सबब मी आक्षेप घेतला: "या घटनेला साक्षीदार कोण?"

मार्थाबाईंनी माझे बोट सरळ करता करता सांगितले, "विरोधक. त्याच्यावर खटला भरायला टपून बसलेले. शब्बाथाचा, त्यांच्या विश्रांतीचा दिवस होता ना, त्या दिवशी बरं करणं म्हणजे काम करणं, म्हणजे गुन्हा. त्यांनी डोळे फाडून पाहिलं. हात बरा झाला नाही, असं त्यांनीसुद्धा म्हटलं नाही. गुन्हा झाला, असं म्हटलं."

माझ्या व्यवसायात विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराइतका मोलाचा माणूस नाही. मी मनात त्याची नोंद घेतली. आणि ती घेत असताना माझ्या हाताला पुढे जाण्याची आज्ञा मी कधी दिली ते मला कळले नाही. हात गेला नाही. पण खांदा, इतके दिवस मेलेला खांदा, तांदळाच्या पोत्याखाली उंदीर हलावा तसा हलला.

"हं," मार्थाबाई म्हणाल्या. "आता परत."

उन्हे चढत गेली. सुशीला डब्यात काकडीची कोशिंबीर देऊ लागली. दवाखान्याच्या दारात कलिंगडवाला बसू लागला, दहावीची मुले प्रवेशपत्रे छातीशी धरून बसमध्ये चढू लागली, चौकातल्या फोनच्या टपरीवर इंटरनेटचा फलक लागला. मी रोज दोन ताटल्यांपुढे बसे. एकीतले काबुली चणे चिमटीने उचलून दुसरीत टाकायचे. चणे संपले की पुन्हा पहिलीत. या कामाला शेवट नव्हता, पावती नव्हती, आणि दुपारपर्यंत माझ्या चिमटीत अकरा चणे येत. ज्याच्या मसुद्यात वकीलही खाडाखोड करीत नसत, त्याने चणे उचलायचे! मी ताटली सरकवली तेव्हा मार्थाबाईंनी मला कोळ्यांची गोष्ट सांगितली. रात्रभर जाळे टाकून हाती काही लागले नाही, आणि सकाळी येशू, धंद्याने सुतार, म्हणतो, पुन्हा टाका. "धंद्यातल्या माणसाला बाहेरच्याने शिकवलं की किती झोंबतं, तुम्हाला सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पण त्या कोळ्यांतला पेत्र म्हणाला, तुम्ही सांगता म्हणून टाकतो. मला पटलं म्हणून टाकतो, असं नाही म्हणाला."

मी ताटली पुन्हा ओढली. मला पटले नव्हते. पण पटण्यावाचूनही हात चालू शकतो, ही माहिती मला नवी होती. आयुष्यभर मी कारणे लिहीत आलो. अमुक कारणास्तव अमुक व्हावे. कारणांशिवाय माणूस एक पाऊलही टाकू शकतो, असे मला वाटलेच नव्हते.

त्यांनी मला एक रबरी चेंडू दिला, जाता-येता दाबायला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, क्रिकेटच्या संघात निवड झाली वाटतं!" मागची बाके हसली. तेव्हा मला दुपारीच मार्थाबाईंकडून ऐकलेला तो जन्मांध आठवला, ज्याच्या डोळ्यांना येशूने मातीचा लेप लावला आणि सांगितले, अमुक तळ्यावर जाऊन धू. जागेवर बरे करता आले असते. पण तो आंधळा चिखलाने माखलेले तोंड घेऊन भर गावातून चाचपडत गेला असणार, आणि त्या गावातही कोणी कंडक्टर असणारच. दृष्टी त्याला तळ्यावर आली. अब्रू त्याने वाटेतच सोडली होती. मला या माणसाबद्दल जो आदर वाटला तो मी सहसा राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवतो. मी चेंडू दाबत राहिलो.

पाठकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "पाण्याचा द्राक्षारस केला, तोच ना? अहो, आमच्या पेठेत नळाला नुसतं पाणी आलं तरी आम्ही चमत्कार समजतो." ते हसले. मीही हसलो. पण ते जिथे घडले त्या लग्नघरची हकिकत मार्थाबाईंकडून मी तपशिलात ऐकली होती, आणि तिने मला माझ्या धंद्याच्या मुळाशी गाठले होते. द्राक्षारस संपला. येशूची आई मुलाजवळ आली आणि म्हणाली, यांच्याजवळ द्राक्षारस नाही. बस्स. एवढाच अर्ज. वस्तुस्थिती आहे, विनंती नाही. कारणे नाहीत, पूर्वीच्या सेवेचा उल्लेख नाही, उलट टपाली कळवावे नाही. आणि मग ती नोकरांकडे वळून सांगते, हा म्हणेल ते करा. नोकरांनी दगडी रांजण पाण्याने भरले, काठोकाठ भरले. मार्थाबाई म्हणाल्या, "पाणी भरताना त्यांना काय ठाऊक होतं? अर्धे भरले असते तरी कुणी विचारलं नसतं." मला त्या नोकरांची नावे हवी होती. कोणी नोंदवली नाहीत.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. ती लपवण्याचा माझा इरादा नाही.

उपवासकाळाच्या मध्यावर माझ्या चिमटीत पेन्सिल राहू लागली. अक्षरे शाळकरी पोरासारखी, पण अक्षरे. आणि खिडकीपाशी शलमोन रोज तोंड उघडीत होते. मार्थाबाई माझा हात सोडून मधूनमधून त्यांच्याकडे जात, दोन बोटे त्यांच्या गळ्याला लावीत आणि म्हणत, "आ. म्हणा, आ." शलमोन तोंड उघडीत. ओठ, दात, जीभ, सगळे हजर. आवाज नाही. "छान," त्या म्हणत. "परत." मला ते पाहवेना. या बाईने माझ्यासाठी एवढे केले, तेव्हा आपले पहिले लेखन तिच्या कामी यावे असे मी ठरवले. चर्चमध्ये प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांसाठी पेटी असते, असे तिनेच सांगितले होते. मी तीन दिवस खपून, वाकड्या अक्षरात, थेट येशू ख्रिस्त यांच्या नावे अर्ज तयार केला.

उत्तम अर्ज होता तो. शलमोन यांनी पस्तीस वर्षे एकही पत्र न हरवता सेवा केली. रविवारची उपासना चुकवली नाही. पत्नीने आजवर शेकडो रुग्णांचे हातपाय चालते केले. सदर कुटुंब सर्वतोपरी पात्र असल्याने वाचा परत मिळण्यास हरकत नसावी. खाली विनंती, आणि सहीसाठी जागा.

मार्थाबाईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मला वाटले, डोळे पुसतील. त्यांनी माझ्याच हातातली पेन्सिल घेतली आणि सेवेची ओळ खोडली. उपासनेची खोडली. स्वतःबद्दलची तर दोनदा खोडली.

"बाई, तीच तर कारणे आहेत!" मी म्हणालो. "कारणांशिवाय अर्ज टिकत नाही."

"ही लायकी आहे, साहेब. कारण नाही."

मग त्यांनी रोमी शताधिपतीची, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अंमलदाराची, गोष्ट सांगितली. त्याचा चाकर मरणाला टेकला होता. गावचे वडीलधारे येशूकडे त्याची रदबदली करायला गेले: माणूस पात्र आहे, आपल्या लोकांवर त्याचे प्रेम आहे, आपले सभास्थान त्यानेच बांधून दिले. येशू निघालासुद्धा. आणि वाटेत त्या शताधिपतीचा स्वतःचा निरोप आला: मी त्या लायकीचा नाही, माझ्या घरी येऊ नका, तिथूनच एक शब्द बोला. मीही हुकमाखालचा माणूस आहे, हुकूम म्हणजे काय ते मला कळते. "येशूला आश्चर्य वाटलं," मार्थाबाई म्हणाल्या. "कशाचं? सभास्थानाचं नाही. त्या निरोपाचं."

मी त्या वडीलधाऱ्यांत बसलो होतो, हे मला लख्ख दिसले. शताधिपतीच्या दारापुढे टेबल टाकून मीच त्याची पात्रता लिहून दिली होती. आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती नको होती.

"मग उरलं काय अर्जात?" मी विचारले.

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. सगळ्या खाडाखोडीतून एक ओळ शिल्लक होती. शलमोन यांना बोलता येत नाही.

"एवढं बास," त्या म्हणाल्या, आणि घडी घालून पदराच्या टोकाला बांधला. खिडकीपाशी बसून शलमोन पाहत होते. त्यांनी मला हात जोडले. मी लिहिलेल्या अर्जासाठी की खोडलेल्या, ते मी विचारू शकलो नाही.

झावळ्यांच्या रविवारनंतरच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, आठवड्यात माझी सही परतली. पूर्वीची नव्हे, थोडी घाबरलेली, पण माझी. बँकेतल्या बाईने जुन्या सहीशी ताडून पाहिली, मान तिरकी केली, आणि मान्य केली. मी घरी जाऊन सुशीलेला ती वर्तमानपत्राच्या समासात वीसदा करून दाखवली. ती म्हणाली, "आता दुकानदाराच्या पिशवीवर नका करू." आणि आत जाऊन बराच वेळ भांडी आवरत राहिली. त्या वेळी आवरण्याजोगी भांडी नव्हती.

मार्थाबाईंनी सांगितले होते की दहा कुष्ठरोग्यांना येशूने तपासलेही नाही. नुसते सांगितले, जा आणि स्वतःला याजकांना दाखवा. चालू लागल्यावर, वाटेत, ते शुद्ध झाले. त्यातला एकच परत फिरला आभार मानायला, आणि तो परक्या मंडळीतला होता. हे ऐकल्यावर मला चर्चमध्ये गेल्यावाचून भागणार नव्हते. सुशीलेला भीत भीत विचारले. ती म्हणाली, "माणसाचे आभार मानायला जाताय, तर जा. मामंजी असते तर त्यांनीही पाठवलं असतं. फक्त इस्त्रीचा सदरा घाला, आणि बटणं स्वतः लावा."

ईस्टरच्या सकाळी चर्च पांढऱ्या फुलांनी भरले होते. मी मागच्या बाकावर बसलो. गायकवृंद उभा राहिला, आणि खालच्या पट्टीच्या रांगेत, कोट घातलेले, हातात गीतांचे पुस्तक धरलेले शलमोन उभे होते. मार्थाबाईंनीच त्यांना उभे केले होते. गाणे सुरू झाले. शेजारचे तिघे गात होते, आणि शलमोन प्रत्येक ओळीला बरोबर त्याच क्षणी तोंड उघडीत, बरोबर त्याच क्षणी मिटीत. पान उलटायच्या जागी पान उलटीत. एक मात्रा चुकली नाही. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिलो. माझा हात, ज्याचा विश्वास नव्हता त्याचा हात, समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरून होता. पाच बोटांनी.

गाणे संपले. काही झाले नाही.

बाहेर ईस्टरची अंडी वाटली जात होती, पोरे नवे बूट वाजवीत होती. मी मार्थाबाईंना गाठले आणि जे विचारू नये ते विचारले. "बाई, तुम्हाला राग नाही येत? माझा विश्वास नव्हता, मला मिळालं. तुमचा होता."

"येतो की," त्या म्हणाल्या. "मी काय पुतळा आहे?"

"मग करता काय?"

"त्यालाच सांगते, तुझा राग आलाय म्हणून. आणि मग ह्यांना म्हणते, आ करा." त्या शलमोन यांच्या कोटावरचा धागा काढू लागल्या. "रांजण भरणं आपलं काम, साहेब. मी काठोकाठ भरते. पुढचं माझ्या हाती असतं तर मी इतके दिवस थांबले असते का?"

शलमोन यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला, ओळखीच्या घरचे पत्र पाहावे तसा, आणि आवाज न करता हसले.

त्याला आता बरीच वर्षे झाली. मार्थाबाई निवृत्त झाल्या. कचेरीपुढे संगणकांची रांग आहे आणि छापील नमुन्यांत माणसे नुसती रकाने भरतात. माझ्या टेबलावर अजून पेन आहे. चमत्कार झाला, असे मी शपथेवर लिहून देणार नाही. वडिलांनी मला तसे वाढवले नाही. व्यायामाने बोटे परतली, असे डॉक्टर म्हणतात, आणि ते सक्षम अधिकारी आहेत. पण न जमणारी गोष्ट करा म्हणून सांगणारा आवाज, आणि न पटताही ती करणारा माणूस, या दोहोंच्या मध्ये काहीतरी घडते, हे मी माझ्या खांद्यात अनुभवले आहे. त्याला नाव देण्याइतके माझे शिक्षण नाही. त्याला मान देण्याइतके निश्चित आहे.

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. मार्थाबाईंनी यजमानांच्या गळ्याला दोन बोटे लावली होती. "आ," त्या म्हणाल्या. शलमोन यांनी तोंड उघडले. "छान. परत."

सबब हा अर्ज. माननीय येशू ख्रिस्त यांच्या सेवेशी सविनय सादर करण्यात येतो की, अर्जदाराच्या हाताचे प्रकरण निकाली निघाले असून त्याबद्दल त्याची कोणतीही तक्रार नाही. तक्रार आहे ती शलमोन यांच्या प्रकरणाबद्दल. ते त्या वर्षापासून आपल्याकडे प्रलंबित आहे. उभय पतिपत्नींनी सांगितलेले काम एक दिवसही थांबवलेले नाही. ही पात्रता म्हणून नव्हे, केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. एका प्रकरणात तत्परता आणि दुसऱ्यात मौन, यामागील न्याय अर्जदारास कळलेला नाही. तो कळवावा, किंवा न कळवता निकाल द्यावा, जे आपणांस सोयीचे असेल ते. उत्तर लेखी असावे असा आग्रह नाही. एक शब्द पुरे आहे, आणि तो कोणताही चालेल. शलमोन रोज सकाळी साडेसहा वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर, तोंड उघडून, हजर असतात.

अर्जदार,
वामन भागुजी रोकडे
(सही स्वहस्ते)